दोन सेंटिमीटर

नववीत मी गणितात नापास झाले, आणि नापास झाले म्हणूनच मला अकोल्याला मावशीकडे राहायला मिळालं. हे मी पुढे अनेकांना सांगितलं, पण प्रत्येकाला ती थट्टाच वाटली. मावशीचं पत्र आलं त्या दिवशी मी घरापुढच्या निंबाखाली बसून शेवंतीच्या माळा ओवत होते. आमचा मळा अमरावतीच्या बाहेर, बडनेऱ्याच्या वाटेवर होता. एक विहीर, तिच्यावर धकधकणारं इंजिन, पालक-मेथीचे चार वाफे आणि बाकी सगळी फुलं. बाबा पहाटे फुलांची डाल सायकलला बांधून बाजारात जायचे आणि परत आले की दुपारपर्यंत त्यांच्या अंगाला ओल्या झेंडूचा वास यायचा. शाळा सुटल्यापासून माझ्या हातांनाही तोच वास लागला होता. पत्र धाकट्या शालूने वाचून दाखवलं. मावशीच्या मुलाला, मधुदादाला, बारावीच्या परीक्षेला बसायची परवानगी मिळाली होती. त्याला पुस्तकं वाचून दाखवायला आणि परीक्षेत तो सांगेल ते लिहून काढायला कोणीतरी हवं होतं, आणि लिहिणारा खालच्या वर्गातलाच पाहिजे असा नियम होता. ‘तुमची मंदा सध्या घरीच आहे, तर धाडून द्या,’ असं मावशीने लिहिलं होतं. ‘सध्या’ या शब्दाशी माय शालूला म्हणाली, “पुन्हा वाच बरं तेवढं.”

बाबांनी मला विचारलं, “इंग्रजी वाचता येते का तुले?”

“अक्षरं येतात.”

“मंग झालं त.”

दोन दिवसांनी बाबा शाळेतून एक कागद घेऊन आले. मी नववी अनुत्तीर्ण असल्याचा तो दाखला होता. माझ्या नावाचा, शिक्का मारलेला तो पहिलाच कागद. माझ्या शर्यतीच्या किंवा रांगोळीच्या बक्षिसालाही कधी असा शिक्का नव्हता. तो घडी करून मी पोलक्याच्या खिशात ठेवला आणि बडनेऱ्याहून पॅसेंजरमध्ये बसले. मूर्तिजापूरपर्यंत मला रडू येत होतं. पुढे एका बाईने डब्यातल्या सगळ्यांना भाजलेल्या तुरीच्या शेंगा वाटल्या, त्या सोलण्यात अकोला कधी आलं ते कळलं नाही.

मावशीचं घर एका डाळमिलच्या मागच्या बाजूला होतं. मावसाजी त्या मिलमध्ये फिटर होते. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, आणि सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत भिंतीपलीकडून येणारी पट्ट्याची घरघर. पहिल्या दिवशी त्या आवाजाने माझं डोकं उठलं. चौथ्या दिवशी दुपारी मिल जेवणासाठी बंद पडली, तर मी दचकून उठून बसले. सगळ्या घरावर तुरीच्या टरफलांची बारीक भुकटी असायची. मावशी दिवसातून तीनदा झाडायची, तरी चहाच्या कपात एखादं टरफल तरंगायचंच. मावशीचा हात स्वयंपाकाला सढळ होता. थंडीचे दिवस, हिरव्या तुरीचे दाणे बाजारात आलेले, त्यांची लसूण-मिरची वाटून केलेली तिखटजाळ आमटी आणि ज्वारीची भाकरी. त्या आमटीने नाकातून पाणी यायचं आणि तरी आम्ही दुसऱ्यांदा वाढून घ्यायचो.

मधुदादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. अकरावी सुरळीत झाली होती त्याची. मग एका डोळ्याचा पडदा सुटला. नागपूरला नेऊन ऑपरेशन केलं, तोवर दुसऱ्याचाही सुटला. मी गेले तेव्हा त्याला फक्त उजेड आणि सावली एवढंच कळायचं. दाराशी कोणी उभं राहिलं तर ‘कोन?’ म्हणून विचारायचा, पण ते माणूस आहे की वाळत घातलेलं धोतर, हे त्याला सांगता यायचं नाही. नातेवाइकांनी त्याला सांगितलं होतं, की विज्ञान सोड, कला शाखेला जा, गाणं शीक. गाण्याचं नाव काढलं की तो चिडायचा. “डोये गेले म्हणून गळा आला का मले?” असं त्याने एका मामांना तोंडावर विचारलं होतं. परवानगीसाठी मावसाजी वर्षभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होते. प्रॅक्टिकल त्याने कशी दिली ते मी पाहिलं नाही. जोडीदाराचे हात आणि याचं तोंड, असं काहीतरी करून ती पार पडली होती. आता लेखी पेपर राहिले होते.

“वाच,” पहिल्याच सकाळी तो म्हणाला. पदार्थविज्ञानाचं जाड इंग्रजी पुस्तक माझ्या मांडीवर होतं.

मी बोट ठेवून वाचलं, “ए चारगेड पार्टिकल.”

“काय?”

“चारगेड.”

तो इतका हसला की खाटेची दोरी करकरली. आतून मावशी पिठाच्या हाताने बाहेर आली आणि दाराशी उभी राहिली. नंतर तिने मला सांगितलं, की ऑपरेशननंतर तो हसलेला तिने ऐकलाच नव्हता. मला मात्र तेव्हा फार लाज वाटली. “चार्ज्ड, मंदे. चार्ज्ड. विद्युतभारित,” तो डोळे पुसत म्हणाला. “स्पेलिंग सांगत जा, मी समजून घेईन.”

मग आमचं असंच सुरू झालं. मी अक्षरं सांगायची, तो शब्द सांगायचा. चिन्हांची तर वेगळीच पंचाईत होती. दहावर डोक्याशी बारीक लिहिलेला आकडा मी आधी शेजारी वाचायची, म्हणजे दहाचा चौथा घात असेल तर ‘एकशे चार’. नववीच्या वर्गात हेच माझं चुकलं होतं आणि तिथे कोणी सांगितलं नव्हतं. दादा म्हणाला, “तो आकडा वर काहून बसला हाये? तो दहाले किती येळा गुणायचं ते सांगून राह्यला. आनं त्याच्याआधी रेघ असली त भागायचं.” एवढंच. मी वही काढून एक लिहिला, त्याला दहाने भागलं, पुन्हा भागलं, पुन्हा भागलं. एकोणीसपर्यंत पोचेस्तोवर पानाची ओळ संपली. दहाचा उणे एकोणिसावा घात, इलेक्ट्रॉनवर जेवढा विद्युतभार असतो त्याचा तो आकडा होता. त्याचं वजन लिहायला तर ओळीमागून ओळ लागली असती. मी विचारलं, “दादा, हे कोनी मोजलं असन?” तो म्हणाला, “मोजलं कोनीतरी. पण तू पह्यली हायेस मले हे इचारनारी. आमच्या वर्गात सगळे पाठ करत.”

विद्युतक्षेत्र म्हणजे काय हे मला पुस्तकातून कळेना. त्याला माहीत होतं, पण ज्याला दिसत नाही त्याने आणि जिला कळत नाही तिने ते एकमेकांना कसं सांगायचं! एक दिवस थंडीची कोरडी दुपार होती, मी केस विंचरत होते. दादाला फणीची चरचर ऐकू आली. “प्लास्टिकची हाये का फनी? जोरात इंचर, आनं टरफलाजवळ ने,” तो म्हणाला. मी विंचरलेली फणी पडवीतल्या भुकटीवर धरली. टरफलं आधी उभी राहिली, मग उडून फणीला चिकटली. मी ओरडलेच.

“सांग, सांग, काय झालं ते सगळं सांग,” तो पुढे सरकला. “जवळची उडाली का दूरची?”

“जवळची. दूरची नुसती हालली.”

“बारीक का मोठी?”

“बारीक. डायीचा दाना तसाच बसून हाये. आनं दादा, काही चिकटली नं पुन्हा उडून दूर फेकल्या गेली.”

“ते काहून?” त्याने मलाच विचारलं. मला येत नव्हतं. त्याने सांगितलं, की फणीला चिकटलं की तिच्यातलाच भार टरफलात उतरतो, आणि सारखे भार एकमेकांना ढकलतात. मग दाण्याविषयी विचारलं. दाण्यालाही फणी ओढतेच, मग तो का हलत नाही? यावर मी बराच वेळ फणी नाचवत बसले. शेवटी म्हणाले, “तो भारी हाये. ओढ पुरत नाही.” दादाने मांडीवर थाप मारली. “हेच! ओढ किती आनं वजन किती. ओढीले वजनानं भाग, झाला तुया त्वरणाचा आकडा. ज्याचं वजन जवळपास नाहीच, तो किती जोरात पळन?” त्या दिवशी मावशीने आम्हाला चहासाठी तीन हाका मारल्या आणि चौथ्यांदा चहा पडवीत आणून आदळला.

तो आकडा आम्ही दुसऱ्या दिवशी काढला. दादाने स्वयंपाकघरातून दोन स्टीलच्या ताटल्या आणवल्या, एकीसमोर एक धरल्या आणि मधल्या फटीत माझी बोटं घालून अंतर दाखवलं. एक ताटली अधिक, दुसरी उणे, मध्ये इलेक्ट्रॉन. किती व्होल्ट ते ताटल्यांमधल्या अंतराने भागायचं की क्षेत्र मिळतं. क्षेत्राला इलेक्ट्रॉनच्या भाराने गुणायचं की ओढ मिळते. ओढीला वजनाने भागायचं. “पण अंतर मीटरमधी घ्यायचं, सेंटिमीटरमधी नाही. इथी सगळे मरतात,” तो म्हणाला. दोन सेंटिमीटर म्हणजे शून्य दशांश शून्य दोन मीटर. चारशे व्होल्टला त्याने भागलं की वीस हजार. शेवटी उत्तर आलं साडेतीन गुणिले दहाचा पंधरावा घात. मी साडेतीनपुढे शून्यं मांडून पाहिली आणि घाबरले. झाडावरून पडणाऱ्या फुलाचं त्वरण दहाच्याही आत असतं, हे नुकतंच वाचलेलं. मी विचारलं, “दादा, मंग तो इलेक्ट्रॉन खाली नाही पडत?”

“पडते ना. पण पडाले त्याले येळ कुठी हाये?”

मग तो किती वेळात पलीकडच्या ताटलीवर आदळेल आणि तेवढ्यात किती खाली येईल, तेही आम्ही काढलं. पुस्तकात ते विचारलेलं नव्हतं. एका अणूच्या जाडीइतकाही तो खाली येत नाही, असं निघालं, आणि का कोण जाणे, मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. पुढे मी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत काढली. तिथल्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉन असेच एका टोकाकडून दुसरीकडे धावतात, मी बटण दाबलं की. समोर कोणाचा तरी मोडलेला हात असायचा, बाहेर रांग असायची. अशात ताटल्या आठवायला सवड नसे. पण नव्या मुलांना शिकवताना मी नेहमी आधी विचारायची, की खाली पडत असतील का रे हे?

फेब्रुवारीत आम्ही पेपर लिहायचा सराव सुरू केला. तो सांगायचा, मी लिहायची. तेव्हा एक नवी गोष्ट ध्यानात आली. त्याचं काही चुकलं की माझं पेन थांबायचं. मी मुद्दाम थांबवत नव्हते. तो बोलता बोलता आकडा चुकवायचा आणि माझा हात अडायचा. तो लगेच म्हणायचा, “काय चुकलं? हां, वर्ग राह्यला.” कागदावरची पेनाची खरखर तो कान देऊन ऐकायचा. एका सकाळी त्याने मला समोर बसवलं आणि म्हणाला, “मंदे, परीक्षेत असं नाही करायचं. मी जे सांगीन ते लिहायचं. चूक सांगतलं त चूक लिहायचं. थांबायचं नाही. तू थांबली का मले समजते, आनं मंग ते उत्तर मायं नाही राहत. लोक म्हणतीन, आंधळ्याले पोरीनं पास केलं.”

“पण मीच चुकीची असन तं?”

“तरी थांबायचं नाही. शपथ घे.”

मी घेतली. मावसाजी दारात चपला घालत होते, ते म्हणाले, “नववीवाली तुले काय दुरुस्त करन रे!” आणि हसत मिलमध्ये गेले. दादा हसला नाही.

पदार्थविज्ञानाच्या पेपराला आम्हाला एका कॉलेजात वेगळी खोली दिली होती. दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवलेला, मी त्याच्यापुढे चालत होते. वर्गात एक मोठं टेबल, दोन खुर्च्या, आणि पर्यवेक्षक म्हणून एक मध्यमवयीन मॅडम. त्यांनी माझा दाखला वाचला आणि चेहरा खुलला. “नववी नापास? मग काही काळजी नाही,” त्या म्हणाल्या. “प्रश्न वाचायचा, ते सांगतील ते लिहायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. कळलं?” मी मान हलवली. कानशिलं तापली होती.

पहिले दोन तास चांगले गेले. दादा सरळ बसून, हात मांडीवर ठेवून सांगत होता. आवाज स्वच्छ. मधे एकदा त्याने पाणी मागितलं तेवढंच. मग तो प्रश्न आला. दोन समांतर पट्ट्या, मध्ये दोन सेंटिमीटर अंतर, चारशे व्होल्ट, इलेक्ट्रॉनचं त्वरण काढा. आमचाच प्रश्न! मी वाचून दाखवला. दादाच्याही चेहऱ्यावर हसू आलं. तो भरभर सांगू लागला, “ई इज इक्वल टू व्ही अपॉन डी. इज इक्वल टू फोर हंड्रेड अपॉन टू. इज इक्वल टू टू हंड्रेड.”

अपॉन टू. नुसते दोन. त्याने सेंटिमीटरचे मीटर केलेच नव्हते.

माझा हात जड झाला. बाहेर कुठेतरी घंटा वाजली, मॅडमची खुर्ची किरकिरली. मला दिसत होतं की वीस हजारऐवजी दोनशे आले आहेत. इतकं लख्ख मला आजवर काहीच दिसलं नव्हतं. एक क्षण पेन अडवलं असतं तर त्याने लगेच पकडलं असतं. मॅडमना काही कळलं नसतं. मी दात आवळले आणि लिहिलं. भागिले दोन. दोनशे. खरखर थांबू दिली नाही, उलट जरा जोरातच दाबून लिहिलं. तो पुढे जात राहिला आणि शेवटी म्हणाला, “थ्री पॉइंट फाइव्ह इन्टू टेन रेज टू थर्टीन.” उत्तर साडेतीनच आलं होतं, म्हणून त्याला शंकाही आली नाही. फक्त घात पंधराचा तेरा झाला होता. वेळ संपत आली तेव्हा त्याने दोन उत्तरं परत वाचून घेतली. ते उत्तर वाचायला सांगितलं नाही. मी सुचवलं नाही.

परतताना उन्हात तो शीळ घालत चालला होता. रस्त्यात रसवंतीवर त्याने मला उसाचा रस घेऊन दिला. “त्वरणाचा आपलाच आला, नाही?” तो म्हणाला. “किती आलं होतं शेवटी? साडेतीन गुणिले दहाचा...”

“तेरावा,” मी म्हटलं.

माझ्या खांद्यावरचा त्याचा हात घट्ट झाला. रसवंतीपुढे रस्त्याच्या कडेलाच आम्ही उभे होतो. एक सायकलवाला ओरडून बाजूने गेला. “तेरावा? पंधरावा पाह्यजे.” त्याचे ओठ हलत होते, तो मनात पुन्हा सगळं मांडत होता. “दोननं भागलं मी. सरळ दोननं.” मग चेहरा माझ्याकडे वळवून त्याने विचारलं, “तुले समजलं होतं?”

“हो.”

“आनं तू थांबली नाही?”

“तूच शपथ घातली होती.”

“काहून नाही थांबली!” तो इतक्या जोरात ओरडला की रसवंतीवाल्याने चरक थांबवला. मला वाटलं होतं तो शाबासकी देईल. मी तशीच उभी राहिले, हातात अर्धा ग्लास. त्याने माझ्या खांद्यावरचा हात काढला, एकटाच चार पावलं गेला, एका हातगाडीला धडकला, आणि तिथेच थांबून राहिला. मी जाऊन त्याचा हात पुन्हा खांद्यावर ठेवला.

तो माझ्याशी तीन दिवस बोलला नाही. रसायनशास्त्राचा पेपर त्या अबोल्यातच झाला. त्याने सांगायचं, मी लिहायचं, संपलं की खांद्यावर हात आणि चालू लागायचं. मावशीला काय झालं ते कोणी सांगितलं नव्हतं. ती मला बाजूला घेऊन विचारत राहिली, “तू काही बोलली का त्याले?” मी नाही म्हटलं. मला आधी वाईट वाटत होतं, मग राग आला, मग त्या दोन्हीच्या खालून एक वेगळीच गोष्ट वर यायला लागली. आंघोळ करताना, भाकरी थापताना मी ते गणित पुन्हा पुन्हा मांडत होते आणि दरवेळी ते बरोबरच येत होतं. बारावीचं गणित होतं ते. मला ते आलं होतं, मी एकटीने ओळखलं होतं, आणि हे सांगायला घरात कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मावशीने कढी आणि तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुनके केले होते. जेवता जेवता दादा म्हणाला, “मंदे, इकडे बस.” मी त्याच्या बाजूला बसले.

“मले तुया राग नव्हता आला,” तो म्हणाला. “म्हणजे आला होता. पण तू नाही थांबली याचा नव्हता. तुले समजलं आनं मले नाही समजलं, याचा आला होता. मले वाटलं, आता एवढंही राह्यलं नाही आपल्यापाशी.”

मावशी कढी ढवळता ढवळता थांबली.

“कसं समजलं तुले, ते सांग,” तो म्हणाला.

मी सांगितलं. तू दोन म्हटलं तेव्हा मला ताटल्या दिसल्या, मग बोटं दिसली, आणि दोन मीटर म्हणजे या खोलीच्या त्या भिंतीपर्यंत, मग एवढ्या लांबून ओढ फारच कमी बसणार, असं मला एकदम वाटलं. तो ताटावरचा हात न हलवता ऐकत होता. “म्हणजे तू आकड्यानं नाही पकडलं,” तो हळूच म्हणाला. “तू जागा पाह्यली.” मग फुनका मोडत विचारलं, “मंग तू नववीत नापास कशी झाली गं?”

“मले कोनी असं इचारूच दिलं नाही,” मी म्हटलं.

गणिताच्या पेपराला आम्ही दोघं पुन्हा पहिल्यासारखे गेलो. निकाल लागला तेव्हा मी अमरावतीला परतले होते. तो सगळ्या विषयांत पास झाला, पदार्थविज्ञानात काठावरून दहा-बारा गुण वर. पुढे त्याने गणित घेऊन पदवी केली आणि अकोल्यात तीस-पस्तीस वर्षं मुलांच्या शिकवण्या घेतल्या. हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा मी त्याला फोन केला आणि परीक्षेचा भाग वाचून दाखवला. तो म्हणाला, “सगळं बरोबर हाये, पण तुयं पेन थांबलं होतं, मंदे. जरासंच. मले ऐकू आलं होतं. मी ऐकलं न ऐकलं केलं, कारण माया मनात उत्तर पक्कं होतं.” मी म्हटलं, नव्हतं थांबलं. तो म्हणाला, थांबलं होतं. आमचं त्यावर एकमत झालेलं नाही आणि आता होईल असं वाटत नाही.

अमरावतीला परत आले तेव्हा मोगरा ऐन भरात होता. पहाटे कळ्या खुडायला सगळे वाफ्यात उतरलो होतो. मी बाबांना म्हटलं, “बाबा, मले पुन्हा नववीत बसायचं हाये.”

बाबा वाकलेले होते, ते तसेच राहिले. “शालू बी यंदा नववीतच हाये.”

“असू द्या.”

“एकाच वर्गात बसशीन? लहान्या बहिणीसंगं?”

“बसीन.”

शाळा उघडली त्या दिवशी बाबा बाजारातून लवकर आले, पाय धुतले, पांढरा सदरा घातला आणि म्हणाले, “चाल.” नवे मुख्याध्यापक आले होते. आधीचे असते तर बाबांना इतकं अवघड वाटलं नसतं. बाबा बाकाच्या कडेवर टेकून बसले. सरांनी माझी जुनी गुणपत्रिका पाहिली, चष्मा वर केला.

“गणितात सतरा. या खेपेला काय वेगळं करशील?”

“काही कळलं नाही तर विचारीन.”

“बरं. आता काय कळलं नाही तुला?”

मला वाटलं ते टोमणा मारताहेत, पण ते खरंच वाट पाहत होते. मी म्हटलं, “सर, दहाचा तिसरा घात हजार, दुसरा शंभर, पहिला दहा. मग शून्यावा घात एक कसा? दहाला शून्य वेळा गुणलं तर शून्य यायला पाहिजे ना?”

सरांनी टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढला, पेन उघडलं आणि एकाखाली एक लिहिलं. हजार. शंभर. दहा. खाली रिकामी जागा सोडली आणि कागद माझ्याकडे सरकवला. “दर पायरीला काय होतंय ते बघ,” ते म्हणाले.

मी वाकले. बाबाही बाकावरून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांना घातांक माहीत नव्हते, दुसरीनंतर शाळाही माहीत नव्हती. पण शेकड्याने आणि दहा-दहाने फुलं मोजण्यात त्यांचा जन्म गेला होता. माझ्या खांद्यावरून त्यांचं बोट पुढे आलं, हजारावर टेकलं, शंभरावर आलं, दहावर आलं.

“दर खेपेले दहावा हिस्सा राहून राह्यला,” बाबा म्हणाले. “मंग इथी एकच येईन ना, सर?”

सरांनी रिकाम्या जागी एक लिहिला. बाबा त्या एकाकडे बघत राहिले. मग आपण सरांच्या टेबलावर बोट ठेवलं आहे हे ध्यानात येऊन त्यांनी ते पटकन मागे घेतलं. सर हसले, पटावरचं पान उलटलं, आणि माझं संपूर्ण नाव विचारलं. माझ्याआधी बाबांनीच ते सांगितलं, खणखणीत आवाजात.